न्यायला कोण येईल

(जहाजाच्या सातव्या मजल्यावरची मुलांची खोली. सहलीचा शेवटचा दिवस, दुपारचे चार. दाराची वरची फळी उघडी, खालची बंद. आत मुलं सांभाळणाऱ्या ताई, बाहेर एका मुलीचे बाबा.)

बाबा : अहो ताई, पण मी बाप आहे तिचा!

ताई : असाल की. मी कुठे नाही म्हणतेय? यादीत तुमचं नाव नाही, एवढंच म्हणतेय. यादीत नाव नसेल तर मूल बाहेर देता येत नाही.

बाबा : ती बघा, खिडकीपाशी बसलीये. पिवळा फ्रॉक. थांबा, हाक मारतो, तीच सांगेल तुम्हाला मी कोण ते.

ताई : हाक मारू नका. ती धावत येईल आणि मग तिच्यासमोर मला तुम्हाला नाही म्हणावं लागेल. ते बरं दिसेल का?

बाबा : कमाल आहे! सख्ख्या बापाला?

ताई : मागे एका पोराला त्याचा सख्खा काका घेऊन गेला होता. सहज, आइस्क्रीम द्यायला. आईला सांगायचं राहिलं. दोन तास अख्खं जहाज पालथं घातलं आम्ही. ती बाई कठड्याला धरून खाली पाण्याकडे बघत उभी होती. तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. तेव्हापासून ही खालची फळी यादी बघितल्याशिवाय उघडत नाही. कप्तान आले तरी नाही.

बाबा : मला फक्त एक तास हवाय.

ताई : घ्या की. तिच्या आईला बोलवा, त्यांनी सही केली की झालं. दोन मिनिटांचं काम.

बाबा : तिच्या आईनेच तर केलंय हे.

ताई : काय केलंय?

बाबा : माझं नाव गाळलंय. मुद्दाम. मला लांब ठेवायची आत्तापासूनच सवय लावतेय लेकीला.

ताई : म्हणजे?

बाबा : उद्या उतरलो की त्या दोघी घरी जाणार आणि मी दुसरीकडे. जागा घेतलीये मी. वेगळे राहणार आहोत आम्ही. आमच्या पिपाणीला अजून माहीत नाही.

ताई : हं. मला वाटलंच होतं.

बाबा : तुम्हाला काय वाटलं होतं?

ताई : पहिल्या दिवशी कवायत झाली ना, संकट आलं तर कुणी कुठल्या होडीपाशी जमायचं, ती? मनगटावरच्या पट्टीवर होडीचा नंबर असतो. तिच्या पट्टीवर नऊ आहे, तिच्या आईच्या नऊ. तुमच्या?

बाबा : सोळा. माझी खोली वरच्या मजल्यावर आहे. मी घोरतो म्हणून वेगळी घेतली, असं सांगितलंय तिला.

ताई : काल मला विचारत होती, जहाज बुडालं तर घोरणाऱ्यांची होडी वेगळी असते का?

बाबा : तुम्ही काय सांगितलंत?

ताई : काय सांगणार? म्हटलं, जहाज काही बुडत नाही, तू मासा रंगव. रंगवला बिचारीने. पण खवले काढता काढता पुन्हा आलीच, म्हणे, होडी बदलून मिळते का?

बाबा : तुम्ही मला का नाही सांगितलंत?

ताई : तुम्ही भेटलात कुठे? पहिल्या दिवसानंतर आज बघतेय तुम्हाला.

बाबा : ताई, ऐका. मी सांगायचं ठरलं होतं. सहलीला निघतानाच ठरलं होतं, की तिला छान फिरवायचं, खेळवायचं आणि मग मीच सांगायचं. मी रोज उद्या-उद्या करत गेलो. आज नाटुकलं आहे, आज तिचं तोंड मांजरीसारखं रंगवलंय, आज खजिना शोधायचाय... कसं सांगणार? आता सकाळी जहाज धक्क्याला लागेल. आज जेवणाआधी मी नाही सांगितलं तर तिची आई सांगणार. तसं व्हायला नको. हे तिने माझ्या तोंडून ऐकायला हवं. नाहीतर आयुष्यभर म्हणेल, बाबा न सांगता गेला.

ताई : हे अगदी बरोबर आहे तुमचं.

बाबा : मग उघडा ना!

ताई : बरोबर आहे म्हणून फळी उघडत नाही हो. सही लागते.

बाबा : ठीक आहे. मग तो फॉर्म दाखवा मला. फोटो काढून ठेवतो. वकिलालाही कळू दे, ती कशी वागते ते.

ताई : राहू दे. मी आईंना फोन करते, त्या पाच मिनिटांत येतील, विषय मिटेल.

बाबा : फॉर्म दाखवा. माझ्या मुलीचा आहे, बघायचा हक्क आहे मला.

ताई : नका बघू, पिपाणीचे बाबा.

बाबा : दाखवा म्हणतोय ना!

ताई : हा घ्या. खाली बघा. ‘मुलाला न्यायला कोण येईल?’ तीन ओळी आहेत. पहिलीत आईचं नाव. खालच्या दोन्ही ओळींवर रेघ मारलीये.

बाबा : हे...

ताई : हं.

बाबा : हे अक्षर माझं आहे.

ताई : तुम्हीच भरलात. आई आत बसून पिपाणीचे बूट काढत होत्या. तुम्ही इथे, ह्या फळीवर कागद ठेवून लिहीत होतात, खांद्याने फोन कानाशी धरून. मी म्हटलं, आणखी एखादं नाव असू दे, अडीअडचणीला बरं पडतं. तुम्ही हातानेच ‘नको नको’ केलंत आणि मारलीत रेघ.

बाबा : मला आठवतसुद्धा नाही.

ताई : आठवायला काही विचार केला असता तर ना. सराईत हात होता.

बाबा : सराईतच. घरात फॉर्म मीच भरतो, माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. आपलं नाव दिलं की फोन येत राहतात. ताप आलाय, पडलीये, डबा विसरलीये. मी मीटिंगमध्ये असतो. म्हणून शाळेत एकदा अशी रेघ मारली होती. मग... मग बहुतेक सगळीकडेच.

ताई : करू का फोन आईंना?

बाबा : करा.

ताई : हॅलो, मुलांच्या खोलीतून बोलतेय. नाही नाही, पिपाणी मजेत आहे, घाबरू नका! तिचे बाबा आलेत न्यायला. हो, बाबा. एक सही हवी होती तुमची. या सावकाश... येताहेत त्या.

बाबा : काय म्हणाली?

ताई : दोनदा विचारलं, कोण आलंय म्हणून.

बाबा : खिडकीपाशी बसून काय करतेय पिपाणी?

ताई : पाकीट. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला मोठं पाकीट देतो. आठवडाभर जे केलं ते त्यात भरायचं आणि वर नाव घालायचं. बाकीच्यांची केव्हाच झाली. ती एकेक कागद आत घालते आणि पुन्हा काढून बघते.

बाबा : एवढी गप्प कशी बसलीये? घरी...

ताई : घरी काय?

बाबा : काही नाही. घरी ती कशी असते, हेच आठवत होतो.

ताई : पिपाणी कुणी ठेवलं हो नाव?

बाबा : मीच. जन्मली तेव्हा असा काही आवाज लावला होता की अख्खा दवाखाना जागा झाला. मी नर्सला म्हटलं, पोरगी आहे की पिपाणी!

ताई : बरं झालं सांगितलंत. मला कोडंच पडलं होतं. इथे सहा दिवसांत कुजबुजण्यापलीकडे आवाज नाही ऐकला मी तिचा.

आई : काय झालंय? कुठे आहे ती?

ताई : ती काय, खिडकीपाशी. काही झालेलं नाही. यांना एक तास न्यायचंय तिला. यादीत नाव नाही, म्हणून तुम्हाला त्रास दिला.

आई : नाव का नाही? फॉर्म तर ह्यानेच भरला होता.

बाबा : हो. मीच भरला होता.

आई : मग?

बाबा : मला वाटलं, तू गाळलंस. ताईंना नाही नाही ते बोललो तुझ्याबद्दल. वकिलापर्यंत गेलो.

आई : मी तो कागद बघितलासुद्धा नाही रे. सकाळी सोडायचं, दुपारी न्यायचं, संध्याकाळी परत सोडायचं. मीच करत होते, त्यामुळे प्रश्नच आला नाही. नेहमीसारखंच.

बाबा : शाळेच्या फॉर्मवर पण असंच आहे ना?

आई : शाळा, दवाखाना, पोहण्याचा क्लास. सगळीकडे माझं एकटीचं नाव आहे आणि सगळीकडे तुझ्या सुरेख अक्षरात.

बाबा : तू कधी बोलली नाहीस.

आई : पहिल्या वर्षी बोलले होते. तू म्हणालास, ‘तू आहेस ना.’ तेव्हा मला ते प्रेमच वाटलं होतं. आता जाऊ दे. किती वाजले? सव्वाचार. सहाच्या आत बॅगा खोलीबाहेर ठेवायच्यात, माझं अजून निम्मं भरायचंय. तू सांगणार आहेस ना तिला?

बाबा : हो.

आई : काय सांगणार आहेस?

बाबा : सांगेन की... आपण दोघांनी ठरवलंय. तिची काही चूक नाही. आणि आपण रोज फोनवर बोलू, दर शनिवारी-रविवारी मी येईन, तिला पोहायला नेईन...

आई : पोहायला बुधवारी असतं.

बाबा : बुधवारी, तर बुधवारी.

आई : रोज असं म्हणू नकोस. ती लक्षात ठेवते. तुला जे जमेल तेवढंच सांग. बुधवार जमेल?

बाबा : जमवीन.

आई : मग एक बुधवारच सांग. खरा असला तर पुरे.

ताई : आई, ही सही इथे. आणि दुसऱ्या ओळीवर ह्यांचं नाव. रेघेच्या वर लिहा, चालतं.

आई : मी लिहू?

बाबा : तू लिही. माझं अक्षर नको.

आई : नातं : वडील. फोन... तोच आहे ना नंबर? की नवीन घेतलास?

बाबा : तोच आहे.

आई : दिवसा उचलशील असाच हवा, असं छापलंय इथे.

बाबा : उचलीन.

आई : हा झाला. ताई, तिचा स्वेटर आत टांगलाय, निळा. वर वारा असतो. आणि अरे, तिला मागच्या डेकवर ने. पुढे गर्दी असते, सगळे फोटो काढत असतात. मागे कुणी नसतं.

बाबा : तू थांब ना. निदान ती बाहेर येईपर्यंत.

आई : नको. माझा चेहरा बघितला तर तिला लगेच कळेल. मला तिच्यापुढे तेवढं नाटक जमत नाही आता. सहा दिवस केलं, पुष्कळ झालं.

बाबा : मी नीट सांगेन.

आई : नीट सांगायचा प्रकार नाही हा. सांग फक्त. आणि ती गप्प बसली तर तू बोलत सुटू नकोस. बस शेजारी. येते मी.

ताई : गेल्या त्या. लगबगीने गेल्या. डोळे पुसत गेल्या असतील तर मी बघितलं नाही, तुम्हीही बघितलं नाहीत.

बाबा : ताई, माफ करा. मघाशी तुमची तक्रार करायचं मनात आलं होतं, आता नाही करणार.

ताई : केलीत तरी हरकत नाही. माझं नाव दारावर लिहिलंय. बोलावू तिला?

बाबा : एक मिनिट. ...बोलवा.

ताई : पिपाणी! अगं ए पिपाणी, पाकीट घे तुझं आणि इकडे ये. बूट राहू दे, मी घालते. बघ तरी, तुला न्यायला कोण आलंय!

पिपाणी : कोण? ...बाबा?

बाबा : हो गं. मीच. चल, आपण दोघं वर जाऊ. मागच्या डेकवर.

पिपाणी : आईला काय झालं?

बाबा : काही नाही गं. आई अगदी बरी आहे. खोलीत बॅगा भरतेय.

पिपाणी : मग तू कसा आलास?

बाबा : असाच. तुला न्यायला आलो.

पिपाणी : खरं सांग ना, बाबा. मी नाही रडणार.