संजीवनीचं कार्ड

—नाही हो प्रणिता, हाताला चव आहे तिच्या, त्यात प्रश्नच नाही. वेळेवर येते, उचलेगिरी नाही, फोनवर बोलत बसत नाही—फक्त एक, वस्तू सांभाळता येत नाहीत तिला. तुम्ही स्वयंपाकाला ठेवणार तर माहीत असलेलं बरं, म्हणून सांगते. गेल्या सप्टेंबरात इलेक्शन झालं ना, तेव्हाची गोष्ट—तुम्ही सिंगापूरला, आपल्या या सेंगकांगला आलाच नव्हतात तेव्हा. संजीवनी इथली सिटिझन आहे, बरं का! नवरा शिपयार्डात वेल्डर होता, तो गेला, ही समोरच्या रेंटल ब्लॉकमध्ये, सरकारी भाड्याच्या खोलीत एकटी राहते, चार घरी स्वयंपाक करते. तर मतदानाच्या आधी पंधरा दिवस हिचं आयसी हरवलं—गुलाबी ओळखपत्र असतं ते. नवीन काढायचं तर फी, वर कामाचा खाडा. खाड्याचे पैसे कोण देतं? मी नाही देत. म्हणाली, पगार झाला की काढते. तोवर पासपोर्टही चालतो म्हणे मतदानाला, पण जिला कुठे जायचंच नाही तिच्याकडे पासपोर्ट कुठून असणार?

आणि मत द्यायची हौस केवढी! म्हणते, ‘हे गेल्यापासून माझ्या नावाने दुसरं पत्रच येत नाही, ताई, मतदानाचं बोलावणं, ते पोल कार्ड तेवढं येतं.’ इस्त्रीची साडी नेसून शाळेत हजर—हातात पोल कार्ड आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. मी रांगेत तिच्या पुढेच. टेबलावरची बाई अगदी नम्र होती, पण आयसीशिवाय नाही म्हणाली. तर ही मला हाक मारते, सगळ्यांसमोर—‘ताई, तुम्ही ओळखता ना मला? सांगा ना त्यांना!’ मी म्हटलं, ‘संजीवनी, ओळखून चालत नाही, कार्ड लागतं.’ खरंच आहे की नाही? गेली परत. घरी नाही गेली, आमच्याकडे आली. भाजी चिरायची राहिली होती.

मत दिलं नाही की इथे नाव मतदार यादीतून काढतात. परत घालायला कारण लिहून द्यावं लागतं. तिला इंग्रजी कुठलं? मीच लिहिलं—स्वतःच्या निष्काळजीपणामुळे कार्ड हरवलं. मराठीत सांगितलं तिला. म्हणाली, ‘खरंय ताई, हल्ली माझं लक्षच नसतं,’ आणि सही केली. ते कारण काही पटलं नाही त्यांना, नाव परत घालायची वेगळी फी भरावी लागली. म्हणून तर सकाळचं आणखी एक घर धरलंय तिने—आता आमच्याकडे साडेसहाला येते, आमच्या आर्यनच्या शाळेच्या डब्याला फार बरं पडतं.

कार्ड? सापडलं ना. आमच्याच स्कॅनरच्या झाकणाखाली होतं—आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या गेटपाससाठी कॉपी हवी म्हणून मीच मागून घेतलं होतं. तिने विचारलं होतं एकदा, मी म्हटलं, ‘तुला परत दिलं की!’ मला तसंच वाटत होतं, अगदी शपथेवर. कधी म्हणजे—मतदानानंतरच्या बुधवारी. हो, ते कारणाचं पत्र त्यानंतर लिहिलं. पण सोमवारीच ती फी भरून नवीन कार्डाचा अर्ज करून आली होती, मग जुनं देऊन काय उपयोग? उगीच तिच्या जिवाला लागलं असतं. कापून टाकलं मी. दिवाळीला साडी दिली तिला, चांगली, सेरंगून रोडवरून आणलेली—

असं काय बघताय? चहा गार झाला वाटतं. नाही, नंबर राहू दे तिचा, मीच विचारून कळवते तुम्हाला. तुम्ही नका बोलू तिच्याशी. लिफ्ट उजवीकडे आहे.