पाईप चांगला आहे, क्लिप आवळ

…आणि वर मलाच सांगतात, पाईप चांगला आहे, क्लिप आवळ. हे बघा, सुरुवातच चुकली, आधी माफी मागायची होती. मला चारचौघांत बोलायला जमत नाही म्हणून हे घरून लिहून आणलंय. शाळा लवकर सोडली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ जिथे जागा दिसली तिथे बसवलेत, आणि शब्द साधे आहेत, गॅरेजात मिळतात तेवढेच. चुका तुम्हाला ऐकू येणार नाहीत म्हणा, पण मला समोर दिसतायत ना… तर पाईप.

तुम्हाला सांगतो, आमचा एक ट्रक आहे. आमचा म्हणजे बाबांचा. बाबांनी उभा जन्म त्याच्यावर काढला आणि गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या, "आजोबा, आता स्टिअरिंग सोडा." बाबांना स्टिअरिंगपेक्षा 'आजोबा' जास्त लागलं. घरी येऊन किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "गाडी रस्त्यात उभी राहिली, की मी परत बसणार." आता बाबा धमकी देत नाहीत हो, वेळापत्रक सांगतात. आणि परवाच या माणसाने खुंटीवरच्या माझ्या शर्टाला विचारलं होतं, "उठलास का रे?" उत्तर आलं नाही म्हणून शर्टावर रागावलेसुद्धा! तो माणूस भरलेला ट्रक घेऊन रस्त्यावर… नको. म्हणजे माझं काम एकच, गाडी उभी राहू द्यायची नाही. झोपेतसुद्धा मी हेच काम करत होतो.

आणि तेवढ्यात आले भाऊजी. ताईचे यजमान. त्यांचं गाड्या सजवायचं दुकान आहे, दिवे, सीटकव्हरं, आरशाला लटकवायची माकडं, आणि हल्ली पाईप. ट्रकच्या पुढच्या चाकामागे वाकून बघितलं आणि म्हणाले, "अरे, हा काळा रबरी पाईप काय, तुझ्या बाबांच्या लग्नातला आहे का? काढ तो. हा बघ." आणि पिशवीतून निळा चकचकीत पाईप काढला. आता 'नको' हा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत समोरच्याचं जेवण होऊन हात धुवून झालेले असतात. त्यात ताई शेजारी उभी, आणि तिचे डोळे म्हणतायत, माझ्या नवऱ्याचं मन मोडलंस तर बघ. बसला पाईप. "लाइफटाइम गॅरंटी," भाऊजी म्हणाले. कोणाची लाइफ ते विचारायचं राहिलं.

तुमच्यातल्या काहींना टर्बो माहीत नसेल, म्हणून सांगतो. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, ती हवा या पाईपातून जाते, आणि पाईपाचं टोक स्क्रूने आवळायच्या पत्र्याच्या क्लिपेनं धरलेलं असतं. पाईप निसटला की हवा बाहेर आणि डिझेल आत, मग नाक दाबून पैलवानाला डोंगर चढायला लावल्यासारखं होतं. मागे काळा धूर, पुढे गाडी मुंगीच्या पायांनी, आणि तीही शेवटी दमते.

पहिल्यांदा निसटला तेव्हा भाऊजींना फोन केला. "पाईप चांगला आहे, क्लिप आवळ." आवळली. दुसऱ्यांदा भर चढावर निसटला, मागे गाड्यांची रांग, आणि प्रत्येक गाडीतून एक तज्ज्ञ उतरला. बसवाले काका कमरेवर हात ठेवून, "पोरा, क्लिप आवळ." दुधाच्या गाडीवाला, "पाईप भारी आहे रे, क्लिप आवळ." एका मोटारीतल्या बाईंनी तर काच फक्त चार बोटं खाली केली, आणि त्या फटीतून, "क्लिप आवळून बघितलीत का?" बरं, नुसतं सांगून कोणी जात नाही, प्रत्येकाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर. प्रत्येक जण एक आटा देऊन, माझ्या पाठीवर थाप मारून, पुण्य पदरात पाडून पुढे.

घरी आलो की बाबा विचारणार, "उशीर?" मी म्हणणार, "पंक्चर." दुसऱ्या वेळी "पंक्चर." तिसऱ्या वेळी बाबा म्हणाले, "पोटाला चिमटा घेऊ, पण सगळे टायर बदलून टाकू." आता नवेकोरे टायर घेऊन पंक्चर कशी सांगायची, हा नवा घोर!

भाऊजी गॅरंटीला मात्र पक्के. तक्रार केली की नवा पाईप, तसाच निळा, हसतमुखाने. एकदा तो बसवायला आले, आणि आत ठेवलेली पकड काढायला स्वतःच्या जीपचं बॉनेट उघडलं… काळा रबरी! कंपनीतून आलेला, जुना, मळका, गुण्यागोविंदाने नांदणारा. मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या गाडीला…?" तर म्हणाले, "माझी जीप जुनी आहे रे, तिला निळा शोभत नाही." मी क्लिप आवळली. रोज सकाळी गाडी काढण्याआधी एक आटा, हा नेमच धरला होता मी. तरी निसटायचाच.

आणि मग त्या दिवशी फरशीचे खोके भरले होते, काठोकाठ. निघताना बाबा आपणहून शेजारी येऊन बसले. "सहज येतो." अर्धा चढ चढलो, मी मनातल्या मनात पाईपाच्या पाया पडतोय, आणि 'फट्' असा आवाज… पुढचं तुम्हाला माहीतच आहे. धूर, मुंगी, आणि गाडी कडेला.

मी खाली उतरलो, मागच्या चाकाला दगड लावला, रेटून रेटून कसाबसा पाईप परत बसवला आणि वर बघतो तर बाबा माझ्या सीटवर. दोन्ही हात स्टिअरिंगवर. "किल्ली दे." आणि मी दिली हो! 'नको' नेहमीसारखा मागेच राहिला. जाऊन शेजारी बसलो. म्हटलं, बाबांनी चावी फिरवली तर मी हँडब्रेक धरून ठेवणार, मग आयुष्यभर बोलले नाहीत तरी चालेल.

बाबा थांबले. मीही थांबलो. म्हणाले, "ती पिवळी बस पुढे गेली की निघू."

मी पुढे बघितलं. पुढे बस नव्हती. वळणावरची भिंत होती, पिवळी रंगवलेली.

आता काय सांगायचं, तुम्हीच सांगा. बापाला कसं सांगायचं? मी म्हटलं, "बरं." आणि आम्ही दोघं बसलो, बस हलायची वाट बघत. मागून बाकीच्या गाड्या आम्हाला ओलांडून त्या बसच्या बाजूने निघून जातायत, वळण घेऊन. बऱ्याच वेळाने बाबा हळूच म्हणाले, "हलत नाही रे."

"नाही, बाबा."

"भिंत आहे का?"

"हो."

बाबांनी किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि खाली उतरले. मला वाटलं, आता पायी घरी निघाले. तर ते गेले पुढच्या चाकाशी, गुडघे टेकले, आणि हात आत घालून तो पाईप चाचपला. "डोळ्यांचं जाऊ दे," म्हणाले, "बोटं अजून माझीच आहेत. क्लिप सोड." सोडली. पाईपात बोट फिरवून म्हणाले, "आतून टर्बोच्या तेलाने फुगलाय. साबणासारखा गुळगुळीत झालाय, राहणार कसा? आणि वरून क्लिपेनं कापलाय, गोल, पार आतपर्यंत. इतकं आवळतं कोण?"

"मी. रोज सकाळी एक आटा."

बाबा म्हणाले, "रोज सकाळी तर मी आवळतो. तू उठायच्या आधी."

म्हटलं, "तुम्हाला पाईपचं ठाऊक होतं?"

"पंक्चर काढणाऱ्याच्या कानापर्यंत काजळी लागत नाही. जवळून दिसतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर शब्दाप्रमाणे मला स्टिअरिंगवर बसावं लागलं असतं ना," बाबा म्हणाले, आणि पाईप पुसत बसले.

म्हणजे बघा, पाईप मुळातच कुचकामी, तेल प्यायला की फुगणारा. पण त्याला फाडला तो आम्ही सगळ्यांनी मिळून. मी एक आटा, बाबांचा एक आटा, बसवाल्यांचा, दुधवाल्याचा… एवढी काळजी कुठला पाईप सोसेल?

फाटलेलं टोक सुरीने कापून टाकलं, उरलेला ताणून बसवला, आणि पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीला वाट देत देत, फरशी पोचवली. मीच चालवत होतो. बाबांनी वाटेत फक्त एकदा विचारलं, "ती भिंत गेली का?" म्हटलं, "गेली, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी जुना काळा पाईप शोधला. तो कुठे असावा? आईने मोरीचं पाणी बागेत सोडायला लावला होता! काढला, घासूनपुसून ट्रकला बसवला, क्लिप हवी तेवढीच आवळली, आणि कानस घेऊन स्क्रूची खाच घासून सपाट केली. आता कोणीही येऊ दे. आई कमरेवर हात देऊन उभी, "आणि माझं पाणी कुठून जाणार?" तिला मोरीला निळा लावून दिला. म्हटलं, घे, लाइफटाइम गॅरंटी.

बाबा येऊन शेजारच्या सीटवर बसले, न विचारता. मी स्टिअरिंगवर. गाडी फाटकातून बाहेर काढतोय तोच मागून आईची हाक, "अरे थांब, हा निसटला की रे, सगळं पाणी माझ्या पायावर!"

आणि तुम्हाला सांगतो, मी काच चार बोटं खाली केली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाईप चांगला आहे गं, क्लिप आवळ."