मेल्याशिवाय लक्षात कोण राहतं?

...नाही, पण मी म्हणतो, मरायलाच पाहिजे का दोघांनी? आमच्या नाटकाच्या मास्तरांना विचारलं, तर चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "अहो, मेल्याशिवाय लक्षात कोण राहतं? संसार केला असता, तर भाजी निवडत बसली असती दोघं. कोण लिहिणार त्यांच्यावर नाटक?"

आता मी कुलूप-किल्लीवाला. दिवसभर लोकांची दारं उघडायची आणि संध्याकाळी नाटकात नायिकेचा बाप होऊन पोरीचं दार लावायचं! गेली कित्येक वर्षं एकच वाक्य, "या घराचं दार त्याला बंद!" की धाडकन दार. मग तो बाहेर विष पितो, ती आत पिते, आणि लोक जाताना माझ्याकडे असं बघतात, तुम्हाला सांगतो, जसं काही विष मीच घोटलंय.

तर परवाच्या प्रयोगात दाराला हात घातला आणि सहज समोर नजर गेली. दुसऱ्या रांगेत आमची कन्या. शेजारी एक चष्मेवाला. एकमेकांचा हात घट्ट धरलेला... आणि ती रडत नव्हती हो, भ्यायली होती. मला! अहो, घरात मी उंदीर दिसला तर खुर्चीवर चढणारा माणूस. पण ती लहानपणापासून विंगेत बसून तेच वाक्य ऐकत आलेली. तिला कुठला बाप खरा वाटणार?

माझ्या तोंडून काय निघावं? "ये बाबा, आत ये."

झालं! नायक उंबऱ्यावर, हातात बाटली, हळूच विचारतो, "काका, मग मी मरू कधी?" म्हटलं, "आज राहू दे." नायिका म्हणाली, "बसा, पाणी आणते." पाणी कुठलं? रंगमंचावर प्यायला फक्त विष! विंगेतून मास्तर ओरडतायत, "पडदा पाडा! अहो, मेल्याशिवाय लक्षात कोण..."

घरी आलो, तर दोघं दाराबाहेर उभी. पोरगी म्हणते, "बाबा, ते तुम्ही नाटकात बोललात... की मला?" खिशात हात घातला, तर किल्ली सापडेना. कुलूपवाल्याला! शेवटी तिनंच तिच्या किल्लीनं उघडलं, आणि मी त्याला म्हटलं, "ये बाबा, आत ये."

तेव्हापासून नाटकातल्या त्या दोघांचे उपकार वाटतात मला. ती लक्षात का राहतात, तेही कळलं. मेली म्हणून नाही, मास्तर! कुणीतरी नुसतं दार उघडलं असतं, तर जगली असती, म्हणून. ते टोचत राहतं, आणि बघणारा घरी जाऊन आपलं दार बघतो. मी बघितलं. मरून माझी पोर मला देऊन गेली हो ती दोघं.

आता प्रयोगात पुन्हा धाडकन दार लावतो. ती मरतात, लोक रडतात, मास्तर खूश. आणि आमची दोघं? लग्न झालं, आमच्याकडेच राहतात, भाजी निवडतात. मास्तर म्हणतात तसं, लक्षात राहण्यासारखं काही नाही. जावई तर इतका साधा, घरात आहे की नाही कळत नाही. फक्त कामावर जाताना न चुकता माझ्या चपला घालून जातो.

...म्हणून आज अनवाणी आलोय.