ऑडिटच्या दिवशी लिन आमच्याकडे

दुबईजवळच्या रास अल खैमामध्ये मी दवाखान्यात टोकन घेऊन बसले होते. मागच्या खुर्च्यांवर एक मराठी जोडपं होतं. दोघांचेही आवाज दमलेले.

“अनु, गुरुवारी लिनला आपल्या घरी बसवून ठेवशील?”

“तुझा तो चिनी इंजिनिअर? बरं नाही का त्याला?”

“बरा आहे. जर्मन कस्टमर ऑडिटला येतायत. त्यांना आता चीनवर अवलंबून राहायचं नाही, म्हणून तर ऑर्डर आमच्या फॅक्टरीला देतायत. बॉस म्हणाला, त्या दिवशी चिनी माणूस दिसायला नको.”

“आणि मशीन?”

“मशीन चिनीच आहे. पण ते बोलत नाही.”

“बंद पडलं तर?”

“लिनला फोन करायचा.”

“धन्य आहात. मंचुरियन करते मग.”

“नको गं. मंचुरियन त्याने इथे येऊनच पहिल्यांदा पाहिलं. वरणभात कर, आवडतो त्याला.”

“ऑर्डर मिळाली की मग?”

“खलास. त्याचा व्हिसा कॅन्सल. त्याच्या जागी मी.”

“वरद, त्याने शिकवलं तुला.”

“हं.”

“त्याला माहितीये?”

“नाही. बायकोला आणायचं म्हणून काल फ्लॅट बघून आला.”

“सांग त्याला.”

“दुपारी ऑडिट संपलं की घरी येतो. तेव्हा सांगतो.”

“जेवायच्या आधी सांगितलंस तर तो जेवणार नाही.”

“मग जेवण झाल्यावर सांगतो.”

“म्हणजे तोवर मी त्याला, अजून थोडा भात घे, म्हणून आग्रह करत बसू?”