चेअरमन साडू

माझा साडू लातुरात सोसायटीचा चेअरमन झाला म्हणून बायको गावभर सांगत सुटली. आमच्याकडं सोसायटी म्हणजे खत-कर्जाची. तिथं मी तीनदा उभा राहिलो, तीनदा पडलो. मास्तरलोकांची सोसायटी कॉलेज चालवते. याची सोसायटी म्हणजे नुसती बारा फ्लॅटची बिल्डिंग. तरी माझा जळफळाट झाला.

बघायला गेलो. चहा तोंडाला लावला, तोच दारात एक बाई आली.

"चेअरमनसाहेब, टाकी भरून वाहायलीय."

साडू गच्चीवर पळाला, भिजून आला.

मी म्हणालो, "असलं चेअरमनपद कशाला घेतलं?"

"कुणीच उभं राहिना, दाजी. बिनविरोध गळ्यात पडलं."

बिनविरोध ऐकलं अन् चहा कडू लागला.

म्हणालो, "इथं एखादा फ्लॅट विकायला हाय का?"