ज्या थप्पीखाली मोरे साहेब गेले

मोरे साहेबांच्या घरच्या सुनीता वहिनी, त्यांची लेक, मालक, नामदेव मुकादम, आणि माझ्या सगळ्या हमाल भावांनो, बायांनो,

मी कधी अशी माणसांपुढं उभी राहिले न्हाई. पण वहिनी म्हणाल्या, "मावशी, तुम्हीच बोला, तुम्ही तिथं होता." म्हणून उभी राहिले. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सोजर कांबळे. मूळची कंधारकडची. मुरुड रोडच्या ह्या गोदामात झाडलोट करते, फाटकी पोती शिवते. आज मी तुमच्यापुढं उभी हाय ती मोरे साहेबांमुळं. ते न्हाईत, मी हाय. हे कसं बोलायचं, सांगा.

साहेब भोकरचे. इथं आले तवा आपण सगळे घाबरलो होतो. आठवतंय ना? मालकांनी सांगितलं होतं, काम लई ढिलं हाय, वाढवायला माणूस आणलाय. आपल्याला वाटलं, आता हा आपल्या पाठीवर बसतो. नामदेवभाऊ, तुम्हीच म्हणाला होता, "आला बघा चाबूकवाला."

चाबूकवाला आला आणि दाराजवळ एक डबा पालथा घालून बसला. नुसतं बघत. मग मला म्हणाला, "मावशी, हे लोक तीच पोती सारखी इकडून तिकडं का नेतात?" मी म्हणलं, "साहेब, वाटच न्हाई. समोरचं हलवल्याबिगर मागचं निघत न्हाई."

गोदाम कसं होतं तवा? सोयाबीन इथं, तूर तिथं, मधी फाटका बारदाना. पाठीवर पोतं घेऊन माणसं पोत्यांवरूनच चढायची. आपला गंगाराम तिथूनच पडला. अजून घरी बसून हाय.

साहेबांनी आधी वाटा मोकळ्या केल्या. पिवळे पट्टे मारले. लवकर जायचा माल दाराशी. पोत्यांची थप्पी डोक्याच्या थोडी वर, त्याच्या वर न्हाई. एक थर उभा, एक थर आडवा. सगळे कुरकुरले. मुकादम म्हणले, "साहेब, ही काय शाळा हाय का?" साहेब हसले. "शाळाच समजा. पण सुट्टी लवकर होईल."

आणि झाली की! दिवस मावळेस्तोवर चालणारं काम दुपारच्याला उरकायला लागलं. कोणी धावत नव्हतं, तरी उरकत होतं. ट्रकवाले खूश. मालक खूश. कोणी पडलं न्हाई, कोणाचं बोट चेंबलं न्हाई. मी झाडता झाडता गाणं म्हणायला लागले होते. त्या गोदामात! गाणं!

पण भावांनो, तेच आपल्याला भोवलं. काम लवकर होतंय म्हणल्यावर काय झालं? माणसं कमी केली. माल वाढवला. मालक एक दिवस आत आले, वर बघितलं, म्हणले, "मोरे, वरची हवा ठेवायला गोदाम बांधलं का मी?"

मालक, तुम्ही इथंच बसलात. मी खोटं बोलत असंल तर आत्ता सांगा.

एवढी उंच थप्पी टिकायची न्हाई, हे सांगायला साहेब दोनदा तुमच्याकडं येऊन गेले. दुसऱ्यांदा परत आले तवा दारातच बसले. मी पाणी दिलं. म्हणले, "मावशी, ते म्हणतात जमत नसेल तर सांगा, दुसरा बघतो." लेक नांदेडला कॉलेजात. कुठं जाणार होते ते? राहिले. आणि थप्पी चढत गेली. पत्र्याला लागली. साहेब रोज सकाळी त्या पोत्यांवर हात फिरवत हिंडायचे. मला म्हणायचे, "तुम्ही बाहेर बसून शिवा. आत कमी या."

त्या दिवशी खालच्या थरातलं एक पोतं उसवलं. सोयाबीन वाहायला लागलं. मी खराटा घेऊन गेले, माझं कामच ते. साहेब दारातून ओरडले, "मावशी, बाहेर!" मला वाटलं रागावले. मी म्हणलं, एवढं गोळा करते आणि येते. वाकले. तेवढ्यात त्यांनी माझा दंड धरला आणि मला फेकलं. अक्षरशः फेकलं. मी पट्ट्याच्या पलीकडं जाऊन पडले. मागं वळून बघितलं तर साहेब न्हाईत. नुसती पोती.

नामदेवभाऊंनी, सगळ्यांनी हातांनी पोती ओढली. नखं तुटली लोकांची. पण साहेब गेले होते.

वहिनींनी मला विचारलं, "मावशी, शेवटी काही बोलले का ते?" वहिनी, "बाहेर" एवढंच. तुमचं नाव घेतलं, लेकीचं नाव घेतलं, असं सांगायचं लई मनात होतं. पण खोटं सांगवेना.

चौकशीला आलेला माणूस म्हणला, मोरेंना माहीत होतं तर आत गेलेच कशाला? कशाला गेले? मी आत होते म्हणून गेले! ह्याला निष्काळजीपणा म्हणून राहिलेत.

कोणी म्हणतं, आता तरी काहीतरी बदलंल. मला न्हाई वाटत. ती फुटलेली पोती मलाच शिवायला दिली. ज्यांच्याखाली साहेब गेले तीच. मी शिवली. न्हाई शिवून काय करू? काल ती परत वर गेली. त्याच कोपऱ्यात, तेवढीच उंच. तुम्हीच चढवली, भावांनो. मी तुम्हाला बोल लावत न्हाई. तुम्ही तरी काय करणार?

आता नवीन साहेब येणार हायेत म्हणं. त्यांनाबी काम वाढवायलाच पाठवलं असंल.

मला कोणाकडं काही मागायचं न्हाई. मागून मिळंल असं वाटत न्हाई. फक्त उभं राहा. दोन मिनिटं कोणी बोलू नका, कोणी फोन घेऊ नका. बाहेर गाड्या लागल्यात, लागू द्या. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तरी हलू नका.

साहेब, माझा जय भीम घ्या.