कूलरसंग बोलणारा माणूस

सिनेमा पाहून माणूस सुधरते, असं कोण म्हणते गा? परवा आमच्या सोसायटीनं गच्चीवर पडदा लावला. सिनेमातला एकटा माणूस आपल्या कूलरसंग गप्पा मारते. त्याले हसणारा मोहल्लाच शेवटी कूलरच्या तब्येतीची चौकशी करते. आम्ही सगळे रडून राहिलो होतो.

सेक्रेटरी उठून म्हणे, "असा एकटा माणूस आपल्या इथं असता, तर आपणही त्याले जीव लावला असता!"

मागून चौथ्या माळ्यावरचे वानखेडे काका बोलले, "मी आहो ना गा एकटा. या ना कधी चहाले."

हे काका लिफ्टमध्ये दिसले की आम्ही जिना धरतो.

सेक्रेटरी डोळे पुसत म्हणे, "तुमचं वेगळं आहे, काका. तो बिचारा कूलरसंग बोले. तुम्ही आमच्यासंग बोलता!"